शेवटच्या पानावरची सही

मन्मथअप्पा गेल्याचे त्यांच्या मुलीने फोनवर सांगितले, तेव्हा मी नांदेडला महाविद्यालयात उत्तरपत्रिका तपासत होतो. हातातली उत्तरपत्रिका मी पूर्ण तपासली, गुण दिले आणि मगच उठलो. त्याला आता पाच आठवडे झाले. त्या दिवशी मी लातूरला पोचलो तोवर माती देऊन मंडळी घरी परतली होती.

या पुरवणीत दरवर्षी नव्या नाटककारांच्या संहितांची शिफारस माझ्या नावाने येते. तिच्यावर विसंबून गावोगावच्या हौशी मंडळींनी नाटके बसवली. आता सांगायलाच हवे, की ती यादी निम्म्याहून अधिक अप्पांची असे. लातुरात त्यांचे वह्या-पुस्तकांचे आणि बाइंडिंगचे दुकान होते. शिक्षण दहावीपर्यंत. पण आमच्या भागात कुणी नवे नाटक लिहिले, की त्याची एक प्रत खळीचा वास असलेल्या त्यांच्या टेबलावर येऊन पडे. एकाच बोअरच्या पाण्यावरून अबोला धरलेल्या तीन बहिणींचे, भोकरच्या एका परिचारिकेने लिहिलेले नाटक त्यांनीच मला प्रथम वाचून दाखवले. रेणापूरच्या एका एस.टी. वाहकाचेही. "तीच ती जुनी नाटकं किती वर्सं करायलेत हे लोक," ते म्हणत. "लिहिणारा जिता हाय तवर त्याला कळवा की, सर. मेल्यावर हार घालायला लई जण येतात."

त्यांचा एक नियम होता; तो मलाही लागू. वाचन जिथे थांबेल तिथे पानाचा कोपरा मोडायचा. शेवटपर्यंत वाचले, तरच अखेरच्या पानावर पेन्सिलीने सही करायची. कोपरा मोडण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. कंटाळा नेमका कुठे आला, हे लेखकाला तेवढे तरी कळते, असे त्यांचे म्हणणे. मला चिडवत, "तुम्ही प्राध्यापक माणूस. तुम्हाला पहिल्याच पानावर शेवट दिसतो. आम्हा अडाण्याला सगळं वाचावं लागतं."

गेल्या वर्षी त्यांनी एस.टी.च्या पार्सलने एक संहिता पाठवली. उदगीरकडचा कुणी नवा लेखक आहे, नाव सांगू नको म्हणतो, एवढेच फोनवर बोलले. टंकलिखित प्रत होती. चुकलेल्या ओळींवर दुरुस्तीच्या पट्ट्या चिकटवलेल्या. माझी परीक्षेची कामे चालू होती. मी वीस-बावीस पाने वाचली, ती बाजूला ठेवली, आणि अप्पांचा तिसरा फोन आला त्या दिवशी अखेरचे पान उघडून सही केली. खाली लिहिले, 'संवाद बोलके. शेवट अधिक घट्ट हवा.' तो शेवट मी वाचलेला नव्हता. असा शेरा कोणत्याही नाटकाला चालतो, हे मला अनुभवाने ठाऊक होते.

प्रत परत मिळाल्यावर त्यांनी फोन केला. "शेवट घट्ट पायजे म्हणता?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "बरं. सांगतो त्याला." त्या वर्षीच्या यादीत ते नाटक मी घेतले नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी पुन्हा लातूरला गेलो. अप्पांच्या पत्नीने, वहिनींनी, दुकानाच्या खणातून तीच प्रत काढून माझ्या हाती दिली. "हे त्यांचंच हो, भाऊ. तुम्हाला म्हणले नसतील... लाजायचे. तुम्ही शेवट घट्ट करा म्हणलात, तवापासून रोज दुपारी शटर अर्धं ओढून लिहीत बसायचे. अन् लिहिलं की फाडायचे. मी म्हणलं, सरांना एकदा इचारा तरी नीट. तर म्हणले, न्हाई, सर समदं वाचल्याबिगर सही करत न्हाईत."

मी पाने उलटली. चोविसाव्या पानावरच्या पट्टीची खळ ओली असतानाच प्रत मिटली असावी; तेवीस आणि चोवीस ही पाने एकमेकांना चिकटून वाळली होती. ती कुणीही उलगडलेली नव्हती. अखेरच्या पानावर माझी सही होती.

अप्पांनी ती चिकटलेली पाने पाहिली होती का, हे कळायला आता मार्ग नाही. पाहिली नसतील, तर माझ्या एका खोट्या ओळीपायी त्यांच्या शेवटच्या दुपारी गेल्या. पाहिली असतील, तर वहिनींसमोर त्यांनी मला सांभाळून घेतले.

वहिनींनीच पाणी उकळत ठेवले. पाने वाफेवर धरली, तशी ती हळूहळू सुटली. तिथेच बसून मी पुढचे सगळे मोठ्याने वाचले; वहिनी ऐकत होत्या. एका बाइंडरचे नाटक आहे. तो गावभरच्या वह्या शिवतो, आणि स्वतःची मात्र कुणाला दाखवत नाही. त्याच्या शेवटाला काहीही करायला नको होते.

यंदाच्या यादीत मी हे एकच नाटक सुचवतो आहे. प्रत माझ्या टेबलावर आहे. सही खोडायला रबर घेतला होता, पण खोडली नाही. तेविसाव्या पानाचा कोपरा मोडून ठेवला आहे...