हंडीतली घंटा

पदार्थविज्ञान विभागात सगळे त्यांना पंपकाका म्हणायचे. प्रयोगशाळेतला निर्वात पंप त्यांच्याशिवाय कुणाचं ऐकत नसे, आणि खरं सांगायचं तर त्यांचंही फारसं ऐकत नसे. अठ्ठावीस वर्षं त्यांनी तो तेल पाजून, चुचकारून चालवला होता. माणूस नाकासमोर चालणारा. एक गोष्ट सोडून, आणि त्या गोष्टीसाठी टेबलाखाली एक बटण होतं.

सोमवारी मॅडमनी त्यांच्या हातात चार कागद ठेवले. "काका, चाळीस प्रती काढा. बुधवारच्या तासाला लागतील."

मॅडम इथेच शिकलेल्या, आता इथेच शिकवायच्या. भांडून भांडून त्यांनी या वर्षी नवा विषय सुरू केला होता: विज्ञानकथा वाचायची आणि तिच्यातलं विज्ञान कुठे फसलंय ते प्रयोगशाळेत तपासायचं. बाकीचे प्राध्यापक नाकं मुरडत. गोष्टी वाचण्याचे कसले मार्क, म्हणत. मुलं मात्र खिडकीत बसूनही तास ऐकायची.

झेरॉक्स निघता निघता काकांनी सहज वाचलं. कथा मॅडमचीच होती. हवा नसलेल्या ग्रहावर एका मुलीला घंटा ऐकू येते. इतर कुणालाच येत नाही. सगळे तिला हसतात, डॉक्टरकडे नेतात. शेवटी ती मान्य करते की घंटा नव्हतीच.

ती मुलगी काकांनी पाहिली होती.

एकवीस वर्षांपूर्वी, याच टेबलाशी. हवा नसली की आवाज येत नाही हे दाखवायला, घंटा ठेवलेल्या काचेच्या हंडीतली हवा काढून झाली होती. सगळी पोरं माना डोलावत होती आणि ही एकटी म्हणाली, "सर, अजून वाजतेय." सर म्हणाले, "कान तपासून घे." वर्ग खो खो हसला. तिला वहीत 'आवाज बंद झाला' असं लिहायला लावलं. बंद कुठला होतोय! पंपाचं वॉशर झिजलेलं, हंडीत हवा राहिलेली. घंटा काकांनीही ऐकली होती, आणि ते मूग गिळून गप्प बसले होते. "पुन्हा असा तमाशा नको," सर नंतर म्हणाले. मग काकांनी ते बटण बसवलं. पंप चालू असताना ते हळूच फिरवायचं. घंटेची वीज कमी व्हायची, हातोडी हलताना दिसायची, पण घंटेला टेकायची नाही. तेव्हापासून दरवर्षी मुलांनी सुबक अक्षरात तेच खोटं लिहिलं.

आणि बुधवारी मॅडम स्वतःचीच कथा खोटी पाडणार होत्या, तीही काकांच्या हातून.

मंगळवारी ते दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. एकदा खडू देऊन आले, एकदा नुसतेच "पंखा चालतोय ना?" विचारून. घरी बायको वैतागली. "अहो, बसा की जरा! कालपासून नुसत्या येरझाऱ्या. कुणाचं काय घेऊन आलात?"

"द्यायचं राहिलंय," काका म्हणाले आणि पुन्हा गॅलरीत गेले.

बुधवारी वर्ग टेबलाभोवती गोळा झाला. "ही कथा कुठे चुकते ते आता कळेल," मॅडम म्हणाल्या. "चालू करा, काका."

पंप घरघरला आणि हंडीतली घंटा बारीक होत गेली. काकांचा हात सवयीने टेबलाखाली गेला. तो त्यांनी बाहेर काढला आणि पंप बंद केला. खोली शांत झाली.

"मॅडम," पुढच्या रांगेतला एकजण म्हणाला, "अजून वाजतेय."

मॅडम काकांकडे वळल्या.

"तेव्हाही वाजत होती," ते म्हणाले. "मी ऐकली होती."

मॅडमनी वाकून कान हंडीला लावला, आणि वर्ग चुळबुळ करायला लागला तरी तशाच राहिल्या.

"वहीत काय लिहायचं?" कुणीतरी विचारलं.

"ऐकू येतंय ते," त्या म्हणाल्या. काकांकडे मात्र त्यांनी त्या दिवशी पुन्हा पाहिलं नाही.