आर्थिंगला पाजलेलं पाणी

“सर, आर्थिंगला पाणी पाजलं का?”

कॉम्प्युटर दुरुस्तीला आले की दारात चपला काढता काढता ते हा प्रश्न विचारायचे. कॉम्प्युटरला काय झालं, हे नंतर. आधी मागच्या अंगणातला तो खड्डा, ज्यात मीठ-कोळसा घालून आर्थिंगचा पाइप पुरलेला असतो. माती ओली असली तर चुकार करंट जमिनीत जातो. कोरडी असली तर तो माणसाची वाट बघत थांबतो, असं ते सांगायचे. आमच्या जालन्यात नळ पंधरा-पंधरा दिवस यायचा नाही. तेव्हा हा प्रश्न किती घरांत झोंबत असेल, तुम्हीच बघा. गल्लीत त्यांचं नावच ‘आर्थिंगवाले’ पडलं होतं.

एमआयडीसीतल्या एका मिलमध्ये ते कित्येक वर्षं इलेक्ट्रिशियन होते. ती नोकरी सुटल्यावर घरोघरचे कॉम्प्युटर दुरुस्त करू लागले. हत्यारं मोजकीच: एक स्क्रू ड्रायव्हर, एक रंगाचा ब्रश आणि एक शाळकरी खोडरबर. कॉम्प्युटर सुरू न होता नुसताच बीप बीप करू लागला की ते डोळे मिटून ऐकायचे. “रॅम वरडून राह्यली,” म्हणायचे, आतली ती रॅमची पट्टी काढून तिची पिवळी कड खोडरबरानं घासायचे आणि परत बसवायचे. पडदा उजळला की माझ्या बायकोला हाक जायची, “भाभी, आता चहा बराबर लागंल.”

पण कॉम्प्युटरच्या चालू, पत्र्याच्या कॅबिनेटला हात लावताना त्यांचा चेहरा बदलायचा. आधी उलटा हात. बोटांची पाठ, तीही क्षणभर. तळहात लावला तर करंटनं मूठ आवळते आणि सुटत नाही. मिलमध्ये एका सोबत्याची आवळलेली मूठ त्यांनी पाहिली होती. मी एकदा विचारलं, “अजून भीती वाटते?”

“दररोज,” ते म्हणाले. “घरून निघताना बी वाटतं.”

मलाही त्या यंत्राची भीती होती, पण वेगळी. माझा प्रबंध, सहा वर्षांचं काम, त्याच्या डिस्कवर होता आणि दुसरीकडे कुठेच नव्हता. सादर करायला चार दिवस उरले असताना, भर उन्हाळ्यात, कॉम्प्युटर बंद पडला. शिवाय कॅबिनेटला बोट लागलं तर मुंग्या येत होत्या. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, “येतो. तवर खड्ड्यात एक बादली ओता.”

घरात अर्धं पिंप पाणी उरलं होतं. बायको म्हणाली, “माणसाला प्यायला न्हाई, अन् खड्ड्याला पाजायचं?” मी बादली जागेवर ठेवली.

ते आले. “पाजलं का?”

“हो,” मी म्हणालो.

त्यांनी बटण दाबलं आणि कॅबिनेटला उलटा हात टेकवला.

आवाज झाला नाही. ते मागे फेकले गेले आणि भिंतीला आपटून खाली बसले. ओठ पांढरे. उजवा हात मांडीवर पडला होता, जणू त्यांचा नव्हताच. मी बटण बंद केलं. हे आता इथेच, माझ्या पुस्तकांच्या कपाटाखाली संपणार, असं मला वाटलं. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले.

“सर, पाजलं होतं ना?”

तेव्हा तरी खरं सांगायला हवं होतं.

“हो,” मी म्हणालो.

“मंग पाइप सडला असंल. उकरून बघतो.”

दुसऱ्या दिवशी ते कुदळ घेऊन आले. नको म्हटलं तरी ऐकेनात. दुखऱ्या हातानं उन्हात खणत होते आणि मी दाराआड उभा होतो. वीतभर खाली गेल्यावर थांबले. मूठभर माती उचलली. ती बोटांतून पिठासारखी गळली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

“भाभी,” त्यांनी आत हाक दिली, “एक बादली द्या. पाइप चांगलाय.”

एवढंच. कॉम्प्युटरच्या आतली एक वायर सोलवटून कॅबिनेटच्या पत्र्याला चिकटली होती. त्यांनी पॉवर सप्लाय बदलला. प्रबंध बचावला. त्यात आभाराच्या पानावर मी त्यांचंही नाव लिहिलं, पण ते पान त्यांना दाखवायला कधी धजलो नाही.

पुढे कितीतरी वर्षं ते येत राहिले. शेजारच्या दारात त्यांचा प्रश्न ऐकू यायचा. आमच्या दारात पुन्हा कधीच नाही. ते थेट बाजूच्या बोळातून मागे जायचे, वाकून माती चाचपायचे आणि मग पुढे येऊन चपला काढायचे.

गेल्या उन्हाळ्यात ते साध्या तापानं गेले.

नळ आला की पहिली बादली आता मी खड्ड्यात ओततो. बायकोच ती भरून देते. पाणी जिरेपर्यंत उभा राहतो, मग वाकून ओल्या मातीला उलटा हात टेकवतो. आत जाताना दारात थोडा थांबतो. कुणी विचारत नाही.