तीनशेवर जळलेला लाल

बादल्या-टब बनवणाऱ्या कारखान्यात थोरली जाऊ लग्नाआधीपासून रंग तापवून बघायचं काम करायची. रंग कालवलेली प्लास्टिकची चकती भट्टीत ठेवायची आणि रंग टिकतो का ते पाहायचं. सेंद्रिय रंग दिसायला झळझळीत, पण सोसवेल त्यापुढे आच गेली की आतून तुटतात. लाल मातकट होतो, उग्र वास सुटतो.

तिनेच साहेबांकडे शब्द टाकून धाकट्या जावेला रंग जुळवायच्या कामाला लावलं. वर्ष सरायच्या आत साहेब उठता-बसता धाकटीचं नाव घेऊ लागले. घरी सासूबाईही जेवताना म्हणायच्या, "हिच्या हाताला गुण आहे." थोरली अर्धं ताट टाकून उठायची.

मग धाकटीने असा लाल काढला, की शेजारच्या खात्यातली माणसं बघायला आली. तपासणीला तो थोरलीकडे आला. बादल्या बनवायच्या मशीनची आच दोनशे तीस अंशांच्या आसपास असायची. भट्टीत तेवढ्या आचेला लाल जसाच्या तसा राहिला. काम तिथेच संपलं होतं. तिने आच वाढवली. अडीचशेलाही ढिम्म. मग तिने दात-ओठ खात सरळ तीनशे केले. लाल करपून तपकिरी झाला, तेव्हा कुठे तिच्या जिवाला बरं वाटलं.

"जळला गं तुझा लाल."

"कितीवर, ताई?"

दोनशे तीसचा खोटा आकडा अगदी ओठांवर आला होता. "तीनशेवर," ती म्हणाली.

एवढी आच कशाला, असं धाकटीने विचारलंच नाही. "बरं झालं, तुम्ही पार टोकाला नेलंत," म्हणाली आणि पदर खोचून कामाला लागली. जास्त आच सोसणारा दुसरा रंग शोधून तिने तीच छटा पुन्हा जुळवली.

पुढे एका गिऱ्हाइकाने कडक प्लास्टिकचे लाल डबे मागितले. त्यासाठी मशीन दोनशे ऐंशीवर चालवावं लागलं. कारखान्यातले बाकीचे लाल करपले, धाकटीचा टिकला. साहेबांनी सगळ्यांसमोर तिला खात्याची प्रमुख केलं.

"खरं श्रेय ताईंचं," ती म्हणाली. "त्यांनी तीनशेवर तापवला नसता, तर मी जुन्यावरच खूश राहिले असते."

टाळ्या पडल्या. थोरलीनेही वाजवल्या. ते कौतुक तिला शिवीपेक्षा जास्त झोंबलं.

सुटीच्या वेळी धाकटी दारात आली. "चला ना ताई, बरोबरच जाऊ."

"तू हो पुढे. माझं काम राहिलंय."

काम काहीच नव्हतं. धाकटी फाटकाबाहेर दिसेनाशी होईपर्यंत ती खिडकीशी उभी राहिली.