मुसाला मिळालेली साइड

मुसा पूर्णगडचा. बाप गलबतावर गेला, मुसा मोटारीवर आला. वीस वर्षं त्याने धोंडूशेठची सर्व्हिस मोटार चालवली. कीर्ती एकच: पुढे गाडी दिसली की ती मागे टाकायची. उतारू त्याला घाबरत आणि त्याच्याच गाडीसाठी खोळंबत.

१९५३ साली शेठच्या बऱ्याचशा लाइनी सरकारकडे गेल्या. एका गाडीपुरतं काम उरलं आणि ड्रायव्हर दोन, मुसा आणि सखाराम. ठेवायचं कोणाला, हे शेठने शिमग्यात गावावरच्या कातळी सड्यावर होणाऱ्या शर्यतीवर सोपवलं. त्यांना न्यायाची आवड होती. निकाल दुसऱ्या कोणी लावून दिला तर विशेष.

आदल्या शिमग्यात धाकू ड्रायव्हर मुसाच्या पुढे जायला गेला आणि गाडीसकट रस्त्याकडेच्या जांभ्या दगडांच्या गडग्यात शिरला. म्हणून यंदा शेठने नियम लिहिले. दोन्ही इंजिनांना वेग रोखणारा गव्हर्नर बसवून ताशी पंचवीस मैलांवर शिशाचं सील. दोन्ही गाड्यांत वाळूची सारखीच पोती. रस्ता अरुंद, म्हणून पुढे कोण ते चिठ्ठी ठरवणार. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यात, तेही पुढच्याने साइड दिली तरच. इंग्रजांचे गव्हर्नर देशातून गेले होते. त्यांची सोय अशी इंजिनात झाली.

"आता कोणावर अन्याय नाही," शेठ म्हणाले.

"मग चिठ्ठीवरच निकाल लावा की शेठ. पेट्रोल कशाला जाळता?" मुसा म्हणाला.

शेठ मनापासून हसले. चिठ्ठीत सखारामचं नाव निघालं.

गाड्या निघाल्या. मधलं अंतर पहिल्या वळणावर जेवढं, तेवढंच चौथ्यावर. बघायला आलेली माणसं आंब्याच्या मोहोराविषयी बोलू लागली.

"वरात चाललीय मेल्यांची," त्या गर्दीतली गंगुबाई म्हणाली. "नवरा खंयच्या गाडीत, तेवढं सांगा."

सरळ पट्टा आला. मुसाने हॉर्न दिला. त्या रस्त्यावरच्या ड्रायव्हरांत रीतच होती, हॉर्न ऐकला की साइड द्यायची, मागे वैरी असला तरी. सखारामचा हात डोक्याला न विचारता खिडकीतून बाहेर आला आणि गाडी डावीकडे झाली. लोक उठून उभे राहिले.

मुसा बरोबरीला आला. आणि तिथेच राहिला. ॲक्सिलरेटरवरचा पाय तळाला टेकला, गाडी पंचवीसवर. शेजारी सखारामही पंचवीसवर. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सखारामने नुसता पाय उचलला असता तरी पुरे झालं असतं. त्याने परत समोर पाहिलं. पट्टा संपला, वळण आलं, मुसाने ब्रेक दाबला आणि नियमाप्रमाणे मागे गेला.

शर्यतीच्या शेवटच्या निशाणाशी गाड्या थांबल्या, सखारामची पुढे. सखाराम उतरून मुसाच्या खिडकीशी आला.

"साइड दिली हां मी."

"दिलीस बाबा. सगळ्या सड्याने बघितलं."

"पाय उचलायचा मनात आलेलं, मुसा. पण…"

"उचलला असतास तर मी गेलो असतो," मुसा म्हणाला. "थांबलो नसतो. सरक, दार उघडू दे."

त्याने सीटखालून डबा आणि पंचा काढला. शेठ लोकांना सांगत होते, इतकी शिस्तीची शर्यत कोकणात झाली नसेल. ते खरंच होतं. मुसा घाटी उतरून घराकडे चालू लागला. बायकोला, झुबेदाला, काय सांगायचं ते खाली पोचेपर्यंत ठरवायचं होतं, आणि वाट उताराची होती.