तिसरी पिन

तेलगावात धारूर रस्त्याला, पंक्चरवाल्याच्या शेजारी, आश्रुबा ओव्हाळचं पत्र्याचं दुकान आहे. पाटी नाही. तिची गरजच कधी पडली नाही. आसपासच्या चाळीस गावांत कुणाचाही अ‍ॅम्प्लिफायर घरघर करायला लागला की लोक सरळ म्हणायचे, ‘‘आश्रुबाकडं टाका.’’ मीटर त्याच्याकडं होता, पण तो गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून. खरं काम तो कानानं करायचा.

त्याची रीत साधी होती. आधी गिटारीची वायर उपटायची. घरघर थांबली तर दोष बाहेर, वायरीत नाहीतर गिटारीत. नाही थांबली तर आवाजाचं बटण पार खाली आणायचं. तरीही तेवढीच घरघर राहिली तर आतले कपॅसिटर थकले. बटण फिरवताना खरखर आली तर बटणात धूळ. ‘‘एकेक दार लावत जायचं,’’ तो म्हणायचा, ‘‘चोर जातोय कुठं?’’ आणि खरंच, चोर जायचा नाही.

आणखी एक रीत होती, आणि तीच सांगायला मी बसलोय. एवढं करूनही घरघर राहिली, तर आश्रुबा पक्कड घ्यायचा आणि प्लगची तिसरी पिन, ती वरची जाडी, कटकन तोडून टाकायचा. ती पिन अर्थिंगची. वायरिंगची सगळी घाण अर्थिंगच्या तारेतून उलटी वर चढते आणि अ‍ॅम्प्लिफायरात ऐकू येते. पिन तोडली की रस्ता बंद, आवाज बंद. तसंही आपल्याकडं निम्म्या घरांच्या बोर्डाला दोनच भोकं, तिसरी पिन शोभेची, असं समजून लोक ती स्वतःच मोडतात. पण लोकांनी मोडणं वेगळं. आश्रुबाला ती कशासाठी असते ते ठाऊक होतं. लोखंडी डब्यात करंट उतरला तर तो माणसाच्या अंगातून न जाता मातीत जावा, एवढ्यासाठी ती असते. ठाऊक असून तो तोडत होता, वीस वर्षं, आणि लोक त्याला उस्ताद म्हणत होते.

त्याची एकुलती एक पोरगी रूपाली. बी. ए. झालेली, बावीस वर्षांची. फोनवर बघून बघून गिटार शिकली, आणि अशी शिकली की गावातल्याच सोमेश्वर गायकाच्या पार्टीनं तिला जयंतीच्या कार्यक्रमांना घेतलं. पेटी, ढोलकी आणि बाबासाहेबांच्या गाण्याला पोरीच्या हातची गिटार. लोक मान वळवून बघायचे. आश्रुबा तर गर्दीत मागं उभा राहून तिच्याकडं कमी आणि लोकांच्या तोंडाकडं जास्त बघायचा.

पण मागच्या वर्षी चकलांब्याला घात झाला. भर कार्यक्रमात तिचा अ‍ॅम्प्लिफायर घरघरायला लागला. सोमेश्वर गाणं थांबवून माइकवरच बोलला, ‘‘ए पोरी, बंद कर ते. लोकायला गाणं ऐकू दे.’’ पोरगी दोन तास गिटार मांडीवर घेऊन स्टेजवर नुसती बसून राहिली.  सोमेश्वरनं यंदा आधीच बजावलं होतं, ‘‘तेलगावची जयंती हाय, घरचं गाव. एक डाव घरघर आली की गिटार कायमची बंद.’’

म्हणून आश्रुबानं तीन दिवस तो अ‍ॅम्प्लिफायर उघडून ठेवला. जुनाच, ट्रान्झिस्टरचा, दुसऱ्याच्या हातचा घेतलेला. कपॅसिटर बदलले, बटणं धुतली, सांधे पुन्हा डागले. दुकानात सुई पडली तरी ऐकू यावी इतका शांत चालला. आणि चौदा एप्रिलला दुपारी मांडवात नेऊन लावला तर, घर्रर्र!

वायर उपटली, तरी घरघर. बटण खाली, तरी घरघर. शेजारच्या घरातल्या बोर्डावर लावला, गप्प. मांडवात आणला, पुन्हा सुरू. म्हणजे दोष डब्यात नव्हता, मांडवाच्या अर्थिंगात होता. मांडवाचं वायरिंग पप्पूचं. पप्पू आश्रुबाच्याच वस्तीतला, बौद्धवाड्यातला, मनकर्णाचा पोरगा, चोवीस-पंचवीसचा, हाताचा लई साफ.

‘‘काका, अर्थिंगचा खड्डा मी नीट घेतलाय,’’ पप्पू म्हणाला. ‘‘कोळसा, मीठ, समदं भरलंय. पर माती वाळून खडखडीत झालीय. दोन घागरी पाणी पडलं की अर्थिंग बसंल, घरघर जाईल.’’

दोन घागरी! एप्रिलात! वस्तीत टँकर चौथ्या दिवशी यायचा. जयंती म्हणून त्या दिवशी आला होता आणि बायका पाइपाशी नुसत्या भांडत होत्या. आश्रुबा घागर घेऊन गेला आणि खड्ड्यात ओतायला पाणी मागू लागला. त्याची स्वतःची बायको, विमलबाई, सगळ्यांदेखत ओरडली, ‘‘पोरीला डोकं धुवायला पाणी न्हाई, अन ह्यो मातीला आंघोळ घालतोय!’’ बायका खो खो हसल्या. मनकर्णा तेवढी म्हणाली, ‘‘थांब भाऊ, माझ्यातली एक घे.’’ पण गड्याचा पारा चढला होता. मिळणारं पाणी सोडून रिकामी घागर आपटत परत आला. त्याला मान आडवा आला, दुसरं काय!

परत आल्यावर त्यानं अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्याला हाताची उलटी बाजू लावून बघितली. जुन्या कारागिराची सवय ती. झिणझिण्या आल्या. तीन तास उन्हात तापून आतल्या ट्रान्सफॉर्मरमधून डब्यात करंट उतरायला लागला होता. हे त्याला कळलं. कळलं नाही असं तो पुढं कधी म्हणाला नाही, निदान स्वतःशी तरी. पण समोर रूपाली नवा पांढरा ड्रेस घालून गिटार जुळवत उभी होती, आणि सोमेश्वर मनगटावरचं घड्याळ बघत होता.

आश्रुबानं पक्कड काढली आणि पिन तोडली.

घरघर गेली. एकदम गेली. ‘‘वा रे आश्रुबा!’’ सोमेश्वर म्हणाला. रूपाली बापाकडं बघून हसली.

पाच वाजता कार्यक्रम सुरू झाला. पहिलं गाणं झकास झालं. दुसऱ्या गाण्याला कोरस होता. रूपालीनं डावा हात तारांवर ठेवला आणि माइक जवळ ओढायला उजव्या हातानं धरला. पिन असती तर गिटार आणि माइक अर्थिंगच्या एकाच तारेनं बांधलेले राहिले असते, काही झालं नसतं. पिन नव्हती, डब्यातला करंट वायरीतून गिटारीच्या तारांत आला होता. पोरगी माइकला चिकटली. किंचाळलीसुद्धा नाही. लोकांना आधी वाटलं, गाण्याच्या भरात डोळे मिटलेत.

पप्पूनं ओळखलं. बांबूंवरून उडी टाकून तो मेन स्विचवर पडला आणि करंट तोडला. पोरगी वाचली ती त्याच्यामुळं. आणि दोन मिनिटांनी वस्तीनं त्यालाच धरला.

‘‘काय बे, वायरिंग तुझं ना?’’ पहिली थोबाडीत सोमेश्वरनंच हाणली. मग सगळे तुटून पडले, चपला, लाथा, मिळेल ते. पप्पूची भुवई फुटली. मार खाताना त्यानं एकदा आश्रुबाकडं बघितलं. आश्रुबा रूपालीचं डोकं मांडीवर घेऊन खाली बसला होता. एक शब्द बोलला असता तर ती मारहाण तिथंच थांबली असती. तो बोलला नाही.

अरे, बोलायचं होतं ना रे! त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी. दवाखान्यात पोरगी शुद्धीवर आली तेव्हा. ती घरी आली तेव्हा. बौद्धवाड्याची बैठक बसून ‘पप्पूला कुणी काम देऊ नका’ असं ठरलं तेव्हा तर आश्रुबा तिथं पुढं सतरंजीवर बसला होता. दर वेळी त्याला वाटायचं, आज पोरीच्या हाताचं ड्रेसिंग आहे, आज नको. मग वाटायला लागलं, आता इतके दिवस झाले, आता सांगून काय उपयोग. माणसाला गप्प बसायचं असलं की कारणं कमी पडत नाहीत.

रूपालीची भाजल्याची जखम भरली, पण डाव्या हाताची मधली दोन बोटं वळेनात. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, बघू. ती रोज गिटार मांडीवर घ्यायची आणि त्या दोन बोटांना उजव्या हातानं धरून तारांवर बसवायची. सोडली की बोटं ताठ. आश्रुबा दुकानात जायचा, लोकांचे अ‍ॅम्प्लिफायर उघडायचा. पिन मात्र त्यानं पुन्हा कुणाची तोडली नाही. हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दिवाळी झाली. एका सकाळी रूपालीनं गिटार पिशवीत घालून चेन लावली आणि म्हणाली, ‘‘आबा, इकून टाका ही. अन त्या पप्प्याचं वाटोळं होवो.’’

सात महिने ती रोज हेच म्हणत होती. त्या दिवशी आश्रुबाला ते सोसलं नाही. उभ्या उभ्याच त्यानं सगळं सांगितलं. पाणी, झिणझिण्या, पक्कड, सगळं. चुलीपुढं विमलबाई पीठ मळायची थांबली.

रूपालीनं गिटारीची पिशवी खाली ठेवली.

‘‘पप्पूला मारत होते तवा कुठं होते तुमी?’’

‘‘तिथंच. तुझं डोकं मांडीवर होतं, बाई.’’

‘‘मग माझं डोकं खाली ठिवायचं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘अन सात महिने माझ्या तोंडून त्याला शिव्या कावून निघू दिल्या? आं? मला कशाला सांगता आता? त्याला जाऊन सांगा.’’

आश्रुबा तसाच निघाला. मनकर्णाचं घर वस्तीच्या टोकाला. ती एकटीच उंबऱ्यात तूर निवडत बसली होती. घरात ना पप्पूचा बिछाना दिसत होता ना त्याची भांडी.

‘‘पप्पू?’’

‘‘कोयत्यावर गेला, कर्नाटकात. दिवाळीची पणती इझली न्हाई तोवर टोळी निघाली. हितं त्याला बल्ब बदलायला बी कुणी बोलवंना. मग काय खायचं?’’

वायरमनचा हात ऊस तोडत होता. आश्रुबा तिच्यासमोर खाली बसला आणि पुन्हा सगळं बोलला. यावेळी भडाभडा, रडत. मनकर्णा तूर निवडायची थांबली नाही.

‘‘मला ठावं हाय,’’ ती म्हणाली.

‘‘काय?’’

‘‘त्यानं त्याच राती सांगितलं. वायरी गुंडाळताना तुझा प्लग बघितला त्यानं, ताजा तोडलेला. भुवईला टाके पडलेलं पोरगं, मी म्हणलं, चल, चारचौघांत सांगू. तर म्हणला, आई, त्याची पोरगी दवाखान्यात पडलीय. काकानं तिच्या मायेपोटीच केलंय. आज जाऊ दे, काका उद्या आपणच सांगंल.’’ तिनं एक खडा उचलून बाहेर टाकला. ‘‘उद्याची वाट बघत बघत गेलं पोरगं.’’

 आश्रुबानं पप्पूचा नंबर मागितला. मनकर्णानं कमरेचा फोन काढून स्वतःच लावला आणि त्याच्या हातात दिला. पलीकडं ट्रॅक्टर चालू होता, कुणीतरी मोळ्या मोजत होतं.

‘‘पप्पू, मी आश्रुबा बोलतोय,’’ तो म्हणाला.

‘‘जयभीम काका!’’ पप्पू मोठ्यानं म्हणाला, आणि आश्रुबाला पुढचा शब्द बोलू न देता त्यानं विचारलं, ‘‘आधी सांगा, रूपालीची बोटं वळायला लागली का?’’