साडेसहाचा डबा

“रोज दोन अंडी खायला घाला, विषय संपला!” माने सर माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाले.

“आमच्या घरात अंडं शिरायचं न्हाई,” समोरच्या बाईंनी तितक्याच चढ्या आवाजात सांगितलं. “आणि तुमचा फुटबॉल नसता तर पोरगी पडलीच नसती.”

ज्या पोरीबद्दल हे चाललं होतं, ती दोघांच्या मध्ये बसून बुटाची नाडी सोडत होती आणि परत बांधत होती. सम्मेदा तिचं नाव, वय पंधरा. मुलींच्या टीममध्ये ती मिडफिल्डला खेळायची, म्हणजे मैदानाच्या मधल्या पट्ट्यात. सगळ्यात जास्त पळायला तिथंच लागतं. आठवड्यात दुसऱ्यांदा ती प्रॅक्टिसमध्ये चक्कर येऊन पडली होती. बाई म्हणजे तिची आई, सुजाताताई. माने सर तिचे कोच. दोघांचं एका शब्दावर पटत नव्हतं, फक्त ‘पोरीच्या अंगात ताकद न्हाई’ यावर एकमत होतं.

मी कोल्हापुरात बरीच वर्षं डाएटिशियन म्हणून काम करते. लोकांच्या लेखी मी भात बंद करणारी बाई. माझ्याकडे मुलं येतात ती एक तर ‘लई बारीक हाय’ म्हणून, नाही तर ‘लई सुटलाय’ म्हणून. खेळणारी पोरं क्वचित येतात, आणि येतात तीसुद्धा डॉक्टरांनी हात टेकल्यावर. सम्मेदाचं तसंच झालं होतं. ईसीजी नॉर्मल, शुगर नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. हिमोग्लोबिन जरा कमी होतं, पण या वयाच्या पुष्कळ मुलींचं असतं. तेवढ्यानं कुणी मैदानात आडवं होत नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि ‘डाएट बघा’ म्हणून माझ्याकडे धाडलं.

बघायला वेळ फार नव्हता. दिवाळीच्या आधी जिल्ह्याच्या टीमची निवड होती. त्यात सम्मेदाच्या वडिलांनी, आण्णांनी, निरोप धाडला होता. त्यांचा ऊस शिरोळकडं, घर कोल्हापुरात, त्यामुळे ते निम्मा आठवडा तिकडंच असायचे. निरोप असा: “परत पडली तर बूट कृष्णेत टाकीन.”

मी सुजाताताईंना विचारलं, “घरी काय काय खाते?”

यादी ऐकून मलाच भूक लागली. सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शन घेऊन आली की दूध आणि पोहे किंवा थालीपीठ. शाळेच्या डब्यात चपाती, उसळ, भाजी. शिवाय संध्याकाळचा वेगळा डबा. “आमच्यात रात्रीचं जेवत न्हाईत,” ताई म्हणाल्या. “हिनं तर आषाढात बस्तीत साध्वी माताजींच्या समोर नियमच घेतलाय वर्षाचा. दिवस मावळल्यावर अन्न न्हाई. पाणी तेवढं चालतं. म्हणून संध्याकाळचं जेवण मी डब्यात भरतो. दोन चपात्या, मुगाची न्हाईतर मटकीची उसळ, वर शेंगदाण्याचा लाडू. डबा रोज रिकामा येतो.” (आमच्याकडे बायकाही ‘मी भरतो’, ‘मी जातो’ असंच म्हणतात. बाहेरच्या वाचकांनी दचकू नये.)

अंड्याशिवायही त्या खाण्यात काही कमी नव्हतं. अंडं चांगलंच असतं, चालत असेल त्यांनी जरूर खावं. पण उसळ, दूध, शेंगदाणे रोज पोटात जात असतील तर पंधरा वर्षांच्या मुलीचं भागतं. मग ही पडते का?

“जुलैत ठणठणीत होती,” माने सर म्हणाले. “पावसात चिखल तुडवून पळायची. आता ऊन न्हाई, पाऊस न्हाई, तर आडवी. काहीच बदललेलं न्हाई मॅडम. तीच प्रॅक्टिस, तोच टाइम.”

मी दोघांनाही बाहेर बसायला सांगितलं. दोघांनाही ते आवडलं नाही.

आमच्या धंद्यात एक साधी पद्धत आहे. ‘काय खातेस?’ असं विचारायचं नाही. तसं विचारलं की माणूस काय खायला पाहिजे ते सांगतो. ‘काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय झालं?’ असं विचारायचं आणि मध्ये बोलायचं नाही. इंग्रजीत त्याला रिकॉल म्हणतात, म्हणजे आठवून सांगणं. खाण्याबद्दल खोटं बोलणं सोपं असतं. अख्ख्या दिवसाबद्दल बोलताना मात्र माणूस कुठं तरी अडखळतो.

सम्मेदा शाळेच्या मधल्या सुट्टीपर्यंत भराभर सांगत गेली. मग शाळा सुटली, सायकलवरून ग्राउंडवर गेली, पाचला प्रॅक्टिस सुरू, साडेसहाला संपली, घरी आली, अभ्यास, झोप.

“आणि डबा?”

“डबा व्हय... संपला की.”

“कुणी संपवला?”

ती परत नाडी सोडायला लागली. मग म्हणाली, “गोलकीपरनं. तिला लई भूक लागत्या.”

“तू का नाही खाल्लास?”

“प्रॅक्टिस संपली तवा दिवस मावळला होता.”

“मग आधी खायचा.”

“आधी खायचं न्हाई. सरांचा नियम हाय. प्रॅक्टिसच्या आधी दोन तास पोटात काय घालायचं न्हाई.”

“मग जुलैत कधी खायचीस?”

“प्रॅक्टिस झाल्यावर. तवा मावळायचा न्हाई साडेसहाला.”

मी पेन खाली ठेवलं. काहीच बदललेलं नाही असं बाहेरची दोन मोठी माणसं शपथेवर सांगत होती, आणि रोज थोडा थोडा दिवस लहान होत होता. आषाढात साडेसहाला लख्ख उजेड असतो. दसऱ्यापर्यंत त्याच वेळेला दिवेलागण होते. सूर्य सरकत गेला आणि पोरीचं रात्रीचं जेवण सरांचा नियम आणि तिचा नियम यांच्या फटीत पडलं. दुपारच्या डब्यानंतर एकदम दुसऱ्या दिवशी बस्तीतून आल्यावर. आणि मध्ये दीड तास पळणं.

शरीराचं गणित अवघड नाही. खाल्लेल्या चपातीची साखर होते. लागेल तेवढी लगेच खर्च होते, थोडी लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये साठते. पळताना ती शिल्लक उपसली जाते आणि रात्रीच्या जेवणानं पुन्हा भरते. ती भरलीच नाही तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पळायला आत काही नसतं. एक-दोन दिवस निभतं. पंधरवडा झाला की डोळ्यांपुढं अंधारी येते. रक्त तपासायला मात्र ती सकाळी घसघशीत नाश्ता करून गेली होती. शुगर नॉर्मल येणारच.

“घरी का नाही सांगितलंस?”

“आई म्हणंल फुटबॉल सोड. सरांना सांगितलं तर ते म्हणणार नियम सोड.” तिनं पहिल्यांदाच मान वर केली. “एकदा सगळ्यांच्या समोर म्हणाले, तुझ्या नियमानं गोल होणार हाय व्हय? त्या दिवशी ठरवलं, आता तर मोडायचाच न्हाई. मला दोन्ही पायजेत मॅडम.”

मला ती पोरगी फार आवडली. आणि रागही आला तिचा, कारण उपाशीपोटी ताठ राहण्याची ही खोड या वयात भारी पडते.

दोघांना आत बोलावून सांगितलं. सुजाताताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “रोज रिकामा डबा घासताना मला किती बरं वाटायचं,” एवढंच त्या बोलल्या. त्यांनी तिथूनच आण्णांना फोन लावला. आण्णा स्पीकरवर कडाडले, “दोन डगरींवर पाय ठेवू नको म्हणावं. एक काय ते धर. माझं ऐकशील तर बूट सोड.”

माने सरांना वाटलं, आपण सुटलो. “बघा, मी म्हटलंच होतं. खाण्याचाच प्रॉब्लेम.”

“खाण्याचा नाही सर, वेळेचा. साडेचारला तिला डबा खाऊ द्या.”

“जमणार न्हाई. एक पोरगं मिसळ हाणून आलतं आणि मॅचमध्ये भडाभडा ओकलं. तवापासनं नियम म्हणजे नियम.”

“उसळ-चपाती म्हणजे मिसळ नाही.”

“आज उसळ, उद्या वडापाव. एकीला सूट दिली की सगळ्या मागतील.”

“मग सगळ्यांना द्या.”

मीही आवाज चढवला. कोल्हापुरात आवाज चढवल्याशिवाय आपण मनापासून बोलतोय हे समोरच्याला कळत नाही. म्हटलं, “तुम्ही आधी काय घेता?”

“रनिंग. दमसास बघायचा असतो.”

“आणि शेवटी?”

“पासिंग. मग बोर्डवर काय चुकलं ते समजावतो.”

“हे उलटं करा. पोरी साडेचारला डबा खातील, पोटभर नाही, बेतानं. पाचला तुम्ही बोर्ड घ्या, मग पासिंग. रनिंग शेवटी. तोपर्यंत खाल्लेलं जिरतं. आणि दिवस मावळायच्या आत एक शिट्टी. दूध, केळं, लाडू. पाच मिनिटं. निवड होईपर्यंत करून बघा. बिघडलं तर माझ्या नावानं बोंब मारा.”

“आणि हिचा नियम?”

“तो तिचा आहे सर. त्यात तुमचंही काम नाही आणि माझंही.”

सर उठले. दारात थांबून सम्मेदाला म्हणाले, “ते गोलचं बोललो ते... जाऊ दे. उद्या डबा घेऊन ये.” पेठेत वाढलेल्या माणसाची माफी यापेक्षा लांब नसते.

सुजाताताईंनाही मी दोन कामं दिली. नाश्ता बस्तीतून आल्या आल्या, शाळेच्या गडबडीत नाही. आणि लोहाची गोळी चहाबरोबर नाही, लिंबूपाण्याबरोबर. चहानं लोह अंगी लागत नाही.

त्या आठवड्यात ती पडली नाही. पुढच्याही नाही. सरांनी फोन करून सांगितलं ते वेगळंच. शिट्टी झाली की सगळ्या पोरी तुटून पडतात, आणि आणखी दोघी-तिघी दुपारपासून उपाशीच यायच्या हे त्यांना तेव्हा कळलं. एकीला तर मैदानाजवळ बाथरूम नाही म्हणून पाणीसुद्धा नको वाटायचं. सर म्हणाले, “मी त्यांना आळशी म्हणत होतो मॅडम.”

निवडीची मॅच बघायला मी मुद्दाम गेले. आण्णाही आले होते, पांढरी टोपी, हाताची घडी, चेहरा असा की आता ऊस तोडायला सांगतील. मॅच उशिरा सुरू झाली. आधीची मॅच लांबली होती. हाफटाइम व्हायच्या आतच ऊन झाडांच्या शेंड्यावर गेलं. आज शिट्टी सरांच्या हातात नव्हती. माझा जीव टांगणीला लागला.

हाफटाइम झाला. पोरी बाहेर आल्या आणि निवड करणारे साहेब त्यांच्याशी बोलायला पुढं सरसावले. माने सर त्यांच्या आडवे गेले. “साहेब, दोन मिनिटं. पोरगी आधी खाणार.” एका हातात केळं, दुसऱ्या हातात लाडू घेऊन ते मैदान दणाणेल एवढ्यांदा ओरडले, “सम्मेदाऽ, दिवस हाय अजून! खा पटापटा!”

आण्णांनी हाताची घडी सोडली.

ती शेवटपर्यंत खेळली. एक सोपा गोल तिनं बाहेर मारला, आणि एक पास असा दिला की मला फुटबॉलमधलं काही कळत नसूनही मी उभी राहिले. शेवटची शिट्टी झाली तेव्हा ती मैदानात गुडघ्यांवर हात टेकून, धापा टाकत, पण उभी होती.

यादी वाचली गेली. सम्मेदाचं नाव राखीव खेळाडूंत होतं. तिचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, संपलं. घरी न्यायला आण्णांना एवढं कारण पुरे होतं.

आण्णा तिच्याकडे गेले नाहीत. ते माने सरांच्या समोर जाऊन उभे राहिले.

“उद्या प्रॅक्टिस किती वाजता?”

“पाचला,” सर म्हणाले. “पण साडेचारला धाडा. जेवाय.”

आता खेळणारं मूल आलं की मी आधी चार्ट काढत नाही. घरचा नियम काय, शाळेचा काय, कोचचा काय, हे विचारते. बहुतेक वेळा सगळे नियम आपापल्या जागी बरोबरच असतात. ते मांडून झाले की त्यांच्या मध्ये पोराला जेवायला जागा उरते का, तेवढं बघते. उरत नसेल तर मोठ्या माणसांनी थोडं सरकायचं असतं. सूर्य काही सरकणार नाही.