हिरव्या गाडीची मागची सीट

तितिकावेका या बेटावरच्या गावात दारं उघडीच असतात. येणारं माणूस आधी स्वयंपाकघरात डोकावतं, काय शिजतंय ते बघतं आणि मग घरातल्यांची चौकशी करतं. म्हणून त्या मंगळवारी सकाळी उघड्या दारावर टकटक झाली तेव्हा अकाइती उलथनं हातात धरून तशीच उभी राहिली. नीरफणसाची कापं तव्यावर होती. नवरा पुना रेडिओला कान लावून जहाज कधी लागणार ते ऐकत होता. आणि उंबऱ्याबाहेर पुनाचा चुलतभाऊ मेतुआ उभा होता, मंगळवार असून चर्चचा पांढरा शर्ट घालून.

त्याच्या मागे अंगणात त्याची मोटारसायकल होती. धुऊनपुसून लख्ख केलेली, हँडलला फुलांची माळ.

"वहिनी, ही आता तुमची," तो म्हणाला आणि किल्ली पुढे केली.

अकाइतीने उलथनं खाली ठेवलं. चूक तिचीच होती. कोणाच्या वस्तूचं त्याच्या तोंडावर कौतुक करायचं नाही, केलं की मालक ती देऊन टाकतो आणि मग नाही म्हणता येत नाही, हे तिथे चालायला लागलेल्या मुलालाही कळतं. अकाइतीने एक्कावन्न वर्षं जीभ सांभाळली होती. आणि परवा रविवारी, चर्च सुटल्यावर पुनाची वाट बघता बघता, ती स्टँडवर लावलेल्या या गाडीवर जरा टेकली, मग चक्क चढून बसली, आणि बोलून गेली, "आहाहा, माझ्यासारखीला अशीच हवी." मेतुआ चार हातांवर उभा होता.

आता तो किल्ली धरून उभा होता आणि बाहेर गल्लीत त्याची बायको नूरोआ आपल्या चपलांकडे बघत उभी होती. त्यांचा तारोचा, म्हणजे अळूच्या कंदांचा, मळा दरीत वर, पायी तास सव्वा तास. ही गाडी गेली की रोज तेवढं चालणं आलं. अकाइतीने किल्ली घेतली, मेतुआच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, दोघांना बसवून कापं खाऊ घातली. दुसरं काय करणार.

गाडी तिला हवी होती हे मात्र खरं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. इतकी वर्षं पुना चालवायचा आणि ती मागे. बेटाला वळसा घालणारा तो एकच रस्ता, पण अकाइतीने तो धड पाहिलेला नव्हता. तिने पाहिली ती पुनाच्या शर्टाची पाठ. आता पुनाच्या डोळ्यांवर पडदा आला होता. परवाना नवा करायला गेला तर भिंतीवरच्या तक्त्यातलं सगळ्यात मोठं अक्षरही त्याने अंदाजाने सांगितलं, आणि पोलिसांनी हसत हसत परवाना ठेवून घेतला. डोळ्यांचे डॉक्टर न्यूझीलंडहून येणार, यादीत त्याचं नाव बरंच खाली. तोवर कामाला बसने जायचं आणि रविवारी कोणीतरी घेऊन जाईल म्हणून रस्त्यात उभं राहायचं.

मी शिकते, असं ती म्हणाली तेव्हा पुनाने मान हलवली होती. "शीक की. तू चालव. मी बसने जाईन."

"आणि रविवारी?"

"रविवारी चालत. आजवर मी कोणाच्या मागे बसलेलो नाही."

पुना काटकुळा, आणि हट्ट त्याच्या अंगापेक्षा जड. अकाइतीने विषय तिथेच सोडला. ती हॉटेलच्या धुलाईखात्यात मुकादम होती. ओल्या चादरीशी झटापट केली की ती आणखी गुंडाळते, हे तिला माहीत होतं.

त्याच दुपारी मेतुआच्या गाडीवर पहिला धडा झाला. गाडी डोंगरात चढणारी, उंच टाचांवर उभी असल्यासारखी. गावात सगळ्यांचं एकच मत होतं, मोठ्या बाईला मोठी गाडी हवी. अकाइतीलाही ते पटलं होतं, कारण स्टँडवर उभ्या गाडीवर कोणीही राणीसारखं बसतं. आता घराच्या पायरीवरून ती चढली, पुनाने हँडल धरलं, स्टँड निघाला, आणि तिला कळलं की जमिनीला लागताहेत ते फक्त दोन्ही अंगठे.

"सोड," ती म्हणाली.

"सोडू?"

"सोड म्हटलं ना."

त्याने सोडलं. गाडी जागची हललीही नाही. ती फक्त डावीकडे कलली, सावकाश, एखादी म्हातारी खाटेवर आडवी होते तशी, आणि अकाइतीसकट केळीच्या बनात जाऊन निजली. लागलं काहीच नाही. पण ती एवढी हसत सुटली की उठता येईना, आणि पुनाला नीट दिसत नसल्याने तो "अगं आहेस कुठे" म्हणत भलत्याच केळीखाली शोधत राहिला. घरचं डुक्कर मात्र बरोबर तिच्यापाशी येऊन थांबलं होतं.

हसणं ओसरल्यावर तिने पडल्या पडल्याच विचार केला. ताकद कमी पडली नव्हती, पाय कमी पडले होते. आणि मागे पुना बसलेला असता तर तोही पडला असता.

गुरुवारी ती सुट्टी काढून आवारुआला, बेटाच्या मुख्य गावात, गेली. बाजाराच्या मागे तुआइनेचं गॅरेज होतं. तुआइने तिशीची, कोपरापर्यंत काळ्या हातांची, अकाइतीच्या शाळासोबतिणीची मुलगी. अकाइतीने गाडी घ्यायची आहे म्हटल्यावर तिने हात पुसले आणि सरळ विचारलं, "मावशी, वजन किती?"

आजवर अकाइतीला हे कोणी विचारलंच नव्हतं. लोक खुर्ची बदलून आणायचे, होडीत मधोमध बसवायचे, वर "वारा आहे ना आज" असं म्हणायचे. तिला ते कळायचं, आणि आपल्याला कळतंय हे ती त्यांना कळू द्यायची नाही.

"एकशे सव्वीस," ती म्हणाली. "हॉटेलात मळक्या चादरी तोलायचा काटा आहे, तो खोटं बोलत नाही."

"झकास. एकटीच चालवणार, की मागे कोणी?"

पुना तर नाही म्हणाला होता. अकाइतीने दाराबाहेर रस्त्याकडे पाहिलं. "मागे नवरा. बासष्ट किलो."

तुआइनेने खडूने फरशीवर दोन्ही आकडे लिहिले, बेरीज केली आणि एकेक गाडी पुढे ओढायला लागली. बेटावर गल्लोगल्ली दिसते तसली छोटी स्कूटर पहिली आली. अकाइती बसली तर गुडघे हँडलला अडले. वळायचं तर आधी पाय बाहेर काढायला हवा होता. दुसरी जरा बरी, पण ती बसताच मागची स्प्रिंग कण्हली आणि तळाला टेकली. तुआइने प्रत्येक वेळी उकिडवी बसून पट्टीने मोजायची, बसल्यावर मागची बाजू किती खाली गेली. स्प्रिंगला जेवढं दबता येतं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी गेली तर उत्तम, ती म्हणाली, तळ गाठला तर पहिल्याच खड्ड्यात कंबर सांगेल. कोपऱ्यात एक काळी, दणदणीत गाडी होती. अकाइतीने तिच्याकडे बोट दाखवलं. तुआइनेने ते बोट हळूच खाली केलं.

"ही तुमचं वजन पेलेल मावशी, पण तुम्हाला ही पेलणार नाही. अजून नाही. मोठ्या माणसाला मोठं इंजिन लागत नाही. बैठक रुंद लागते, स्प्रिंग टणक लागते, आणि दोन्ही तळवे जमिनीला पुरे टेकायला लागतात. टेकले की निम्मं शिकून झालं."

मग तिने एक जुनी गाडी काढली. दोनशे सीसीची, बुटकी, हँडल गाईच्या शिंगांसारखं पसरलेलं, रंग कच्च्या पपईच्या सालीचा. जमीनमोजणीच्या साहेबाने बदली झाल्यावर विकायला ठेवली होती. अकाइती बसली. तळवे टेकले, टाचांसकट. तिने बूड जरा डावीकडे उजवीकडे हलवलं, गाडीही हलली, आणि पुन्हा सरळ झाली. अकाइती काही बोलली नाही, कारण आता ती कौतुक करायला घाबरत होती.

"बोला मावशी, दुकानात चालतं," तुआइने म्हणाली. "इथे मी फुकट देत नाही."

मागे फक्त टणक स्प्रिंग बसवायची होती, दोघांच्या वजनाची. ती ऑकलंडहून जहाजाने येणार, तीन आठवडे. धुलाईखात्यातल्या बायकांच्या भिशीचा नंबर अकाइतीचाच होता, तेव्हा ते जमलं.

पण गल्लीतून परत येताना तिला केळीपाशी उभी असलेली मेतुआची गाडी दिसली. ती दारात असताना दुसरी आणली तर मेतुआचं नाक कापलं जाणार. परत केली तर त्याहून. अकाइतीने दोन दिवस विचार केला. मग शनिवारी तिने अंगणात खणलेल्या भूचुलीत कोंबडी आणि तारो लावला, नारळाच्या दुधात तारोची पानं शिजवली, पिकल्या केळ्यांची पोके नावाची मऊ मिठाई केली, ती मेतुआला जेवणाहूनही प्यारी. आणि पुनाला फडकं देऊन गाडी पुसायला बसवलं. त्याला नीट दिसत नव्हतं म्हणून तो सगळीकडे दोनदोनदा पुसत होता, त्यामुळे गाडी अशी चमकली की विचारू नका.

मेतुआ आणि नूरोआ जेवायला आले. पोटं भरली. मेतुआ सावध होता, त्याने गाडीकडे मानही वळवली नाही. अकाइतीने नूरोआच्या ताटात पोकेचा आणखी एक तुकडा वाढला आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. नूरोआ पाच दिवस रोज पायी दरी चढत होती. तिने पाय पोटाशी घेतले, गाडीकडे पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ताई, काय सुंदर दिसते गं ही गाडी. माझी नजरच हटत नाही."

पुना फिसकन हसला. मेतुआने डोळे मिटून घेतले.

अकाइती उठली, आत गेली, किल्ली आणली आणि नूरोआच्या हातावर ठेवली. "ही आता तुझी."

"वहिनी," मेतुआ डोळे उघडून म्हणाला, "हे बरोबर नाही."

"रीत आहे ती. मी काय मोडू?" ती म्हणाली आणि त्याला पोके वाढायला पुढे झाली. त्यानेही मग ताट पुढे केलं. जाताना नूरोआ पुढे बसली, मेतुआ मागे. पुना बराच वेळ त्या आवाजाच्या दिशेने तोंड करून उभा होता.

स्प्रिंग आली, हिरवी गाडी घरी आली. अकाइतीने पहाटे, हॉटेलच्या मागच्या रिकाम्या पटांगणात, टॉवेलांच्या टोपल्या उभ्या करून त्यांच्यामधून वळणं गिरवली. एकदा टोपली तुडवली, दोनदा गाडी बंद पडली, पडली मात्र नाही, कारण प्रत्येक वेळी तळवे जमिनीवर हजर होते. पोलिसांच्या अंगणात परीक्षा झाली. तिथल्या हवालदाराने, आठच्या आकड्यात फिरून दाखवा म्हटलं, तिने दोनदा दाखवलं. परवाना घेऊन घरी आली तेव्हा पुनाने तो हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि फोटो चांगला आलाय म्हणाला.

मागे बसायचं काही बोलला नाही. तीही नाही.

रविवारी सकाळी चर्चची पहिली घंटा झाली. अकाइती पांढऱ्या पोशाखात, विणलेली टोपी पिशवीत, डोक्यावर हेल्मेट. पुना कडक इस्त्रीच्या शर्टात पायरीवर उभा होता, चालत निघायच्या बेताने, पण निघत नव्हता. तिने गाडी अंगणातून फाटकापर्यंत नेली. खडबडीत वाटेवर गाडीची मागची बाजू उडत होती, आणि तिच्यासकट टोपीची पिशवीही. फाटकाशी तिने गाडी थांबवली, दोन्ही तळवे टेकले, आणि मागे न बघताच त्याला हाक मारली.

"पुना, स्प्रिंग दोघांच्या वजनाची घेतली आहे. एकटी असले की गाडी उड्या मारते. माझ्या मागे बस."